मिनिकॉयला जहाज थांबलं की हातात सात तास: कोल्हापूरकरांसाठी सगळं सविस्तर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी, बायको, पोरगी आणि आमची आत्या असे चौघं लक्षद्वीपच्या जहाजानं फिरून आलो. तेव्हापासनं संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारायला गेलं की कोण ना कोण गाठतंयच, काय ओ लक्षद्वीपला गेलाता म्हणं, कसं जायचं, किती दिवस लागतात, आमच्या आईला झेपेल काय. जानेवारी २०२४ ला पंतप्रधान तिकडं जाऊन आले आणि सगळ्यांना अगत्ती आणि बंगारम ही दोन नावं पाठ झाली. मिनिकॉय म्हटलं की मात्र समोरचा म्हणतोय, ते मॉरिशसजवळ का? प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून कंटाळलो म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतोय, ज्याला जायचंय त्यानं नीट वाचा, लांब झालंय पण उगाच काही घातलेलं नाही.

आधी हे नेमकं काय आहे ते. लक्षद्वीप प्रशासनाची स्पोर्ट्स नावाची संस्था आहे, तिचं समुद्रम नावाचं पॅकेज असतंय. कोचीहून जहाज सुटतं, पाच दिवसांची ट्रिप, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं. दिवसा बेटावर उतरायचं, दुपारचं जेवण बेटावरच, रात्री परत जहाजावर झोपायला. म्हणजे हॉटेल तुमच्याबरोबर फिरतंय असं समजा. बेटांचा क्रम मागंपुढं होतो, हवामान बघून बदलतात, त्यामुळं "आम्हाला दुसऱ्या दिवशी मिनिकॉय सांगितलंता" म्हणून तिथं वाद घालू नका. आणि डोक्यातनं ते मोठमोठ्या क्रूझचं चित्र काढून टाका, कॅसिनो नाही, स्विमिंग पूलवर पार्टी नाही. ही बेटावरच्या लोकांची एसटी आहे. त्याच जहाजातनं पेशंट जातात, कॉलेजची पोरं जातात, म्हाताऱ्या बायका पोतं घेऊन जातात, आणि पर्यटकांना काही जागा दिलेल्या असतात. मला तर तेच आवडलं, पण ज्याला चकचकीत पाहिजे त्यानं दुसरीकडं पैसे घालावेत.

आता मिनिकॉयवरच एवढं का लिहितोय? निळं पाणी, पांढरी वाळू, नारळ हे तिन्ही बेटांवर आहे, पहिल्या दिवशी डोळे फाटतात, तिसऱ्या दिवशी सवय होती. पण मिनिकॉय हे वेगळंच प्रकरण आहे. बाकी सगळ्या बेटांवर मल्याळमचीच एक बोली चालते, इथं महल बोलतात, जी मालदीवच्या दिवेहीची सख्खी बहीण. गावांची रचना वेगळी, नाच वेगळे, होड्या वेगळ्या. आणि तुमच्या हातात असतात सहा-सात तास. तेवढ्यात तुम्ही परत पाण्यातच डुंबत बसला तर जे फक्त इथंच बघायला मिळतं ते सगळं राहून जातं. आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक असंच करून आले आणि आता विचारतात, तिथं गाव पण होतं व्हय?

कागदपत्रं आणि कोचीपर्यंतचा प्रवास

लक्षद्वीपला जायला परवाना लागतोच, भारतीय असला तरी. १९६७ पासूनचा नियम आहे, मूळ रहिवाशांच्या संरक्षणासाठी. ओळखपत्र, फोटो आणि आपल्याकडच्या पोलिसांचा चारित्र्य दाखला एवढं तयार ठेवा. दाखल्याचा अर्ज ऑनलाइन करायचा, मग तुमच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनकडनं चौकशी होती. याला दोन-तीन आठवडे धरूनच चाला, गणपतीच्या आणि निवडणुकीच्या तोंडावर तर बंदोबस्तात सगळे अडकलेले असतात. प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स काढा, एक संच दुसऱ्याच्या बॅगेत. सीझन ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्या नादाला लागू नका. मला विचाराल तर डिसेंबर ते मार्च. रेट दरवर्षी बदलतात म्हणून इथं लिहीत नाही, बुकिंग करताना केबिन किती जणांची आहे ते मात्र विचारून घ्या, कारण चार बंकच्या केबिनमध्ये तिघं गेला तर चौथा अनोळखी येणार, आणि वयस्कर माणसासाठी खालचा बंक आधीच सांगून ठेवायचा. शाकाहारी असला तर तेही बुकिंगलाच सांगा, जहाजावर चढल्यावर नाही.

कोल्हापूरहून जायचे दोन मार्ग. एक, मिरजेला जाऊन पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस, पण ती आठवड्यातनं एकदाच. दुसरा, आंबा घाटातनं रत्नागिरी गाठायची किंवा सरळ मडगावला जायचं आणि कोकण रेल्वेची गाडी पकडायची. आम्ही मंगला एक्सप्रेसनं गेलो, तिचं पूर्ण नावच मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस आहे. आत्याला हे कळल्यावर ती डब्यात सगळ्यांना सांगत होती की ही गाडी थेट बेटावर जाती. कोचीत एक दिवस आधीच पोचा. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही आणि रेल्वे जहाजासाठी पळत नाही. परतीचंही तसंच, जहाज ज्या दिवशी परत येणार त्याच दिवशीचं रेल्वे तिकीट काढू नका, मध्ये एक रात्र ठेवा.

जहाजात चढायचं असतं विलिंग्डन आयलंडवरनं. हे बेटही माणसानं केलेलं आहे, बंदर खोल करताना जो गाळ निघाला तो टाकून. म्हणजे ट्रिपमधलं पहिलं बेट बनावट, खरी पुढं. तिथं सामान तपासतात. दारू नेऊ नका, बंगारम सोडलं तर सगळीकडं दारूबंदी आहे, आणि "थोडीच आहे की" हे तिथं चालत नाही.

आदल्या रात्री

मिनिकॉय बाकीच्या बेटांपासनं लांब आहे, दक्षिणेला, कवरत्तीपासनं अडीचशे किलोमीटरच्या वर. मध्ये नऊ अंश खाडी लागते, नाइन डिग्री चॅनेल. नऊ अंश अक्षांशावर आहे म्हणून हे नाव. आपलं कोल्हापूर साडेसोळाच्या पुढं, मिनिकॉय आठच्या जरा वर, म्हणजे ऊन कुठल्या कोनातनं लागणार याचा हिशोब आत्ताच करून ठेवा. ही खाडी म्हणजे जहाजांचा हायवे आहे, सुएझकडनं कोलंबो-सिंगापूरला जाणारी मोठी जहाजं इथनंच जातात. रात्री डेकवर उभं राहिलं की लांब दिवे सरकताना दिसतात, आपण पुलाची शिरोलीच्या उड्डाणपुलावरनं ट्रक बघतो तसं.

पण त्याच रात्री जहाज हलतं. कवरत्तीला ज्यांना काही झालं नव्हतं ते पण इथं आडवे झाले. उलटीची गोळी पोटात कालवायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, अर्धा-एक तास आधी घ्यायची, आणि बीपी-शुगरवाल्यांनी कोल्हापुरातच आपल्या डॉक्टरला विचारून ठेवायची, कारण त्या गोळीनं गुंगी येती. रात्रीचं जेवण हलकं, भात-सांबार बास. जहाजाच्या मधल्या भागात खालच्या मजल्यावर हलणं कमी जाणवतं, मळमळलं तर डेकवर येऊन लांब क्षितिजाकडं बघायचं, मोबाइलमध्ये अजिबात बघायचं नाही. आत्यानं आलेपाक आणलाता, तो निम्म्या जहाजानं संपवला.

झोपायच्या आधी उद्याची पिशवी भरून ठेवा, सकाळी केबिनमध्ये चौघं एकदम उठले की वळायला जागा नसते. पाठीवरची एकच सॅक, हातात काहीही नको, याचं कारण पुढं येतंय. आत: पाण्याची बाटली प्रत्येकी एक, टॉवेल, एक कोरड्या कपड्यांचा जोड प्लास्टिकमध्ये बांधून, टोपी, पूर्ण बाह्यांचा जुना टी-शर्ट पाण्यात घालायला, नेहमीची औषधं, ओळखपत्राची आणि परवान्याची झेरॉक्स, सुट्टे पैसे. रोख घ्याच, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. मोबाइलसाठी कोचीपासनं समुद्राखालनं टाकलेली केबल २०२४ ला सुरू झाली, बीएसएनएल आणि एअरटेल चालतं, पण यूपीआयच्या भरवशावर नारळपाणी प्यायला जाऊ नका. उपास-तापास असला तर राजगिऱ्याचे लाडू. आणि जयसिंगपूरचा भडंग एक पुडा, याचा उपयोग पण सांगतो.

पायात काय? कोल्हापुरी चप्पल नको. मलाही अभिमान आहे, पण खाऱ्या पाण्यात कातडं एकदा भिजलं की वाळून पापड होतंय, आणि होडीत घसरायला तर एक नंबर. मागं पट्टा असलेले फ्लोटर्स किंवा रबरी तळव्याची सॅंडल, जी घालून पाण्यातही जाता येईल. साडी पण नको. आत्या पहिल्या दिवशी ऐकेना, कवरत्तीला होडीत उतरताना निऱ्या भिजल्या आणि पाय अडकता अडकता वाचला, दुसऱ्या दिवशी गपगुमान पोरीचा पंजाबी ड्रेस घालून आली.

जहाजातनं होडीत

सगळ्या दिवसात धोक्याची जागा ही एकच, म्हणून इथं जरा थांबून सांगतो. बेटाच्या भोवती प्रवाळाचं कडं असतं, पाणी उथळ, मोठं जहाज आत येऊ शकत नाही. धक्का आणि हवामान जुळलं तर थेट उतरता येतं, नाहीतर जहाज बाहेर थांबतं आणि बेटावरनं मोटरच्या होड्या येतात. जहाजाच्या बाजूचा दरवाजा उघडतात आणि तिथनं खाली होडीत पाय टाकायचा. होडी लाटेबरोबर वर-खाली होती, दोन-तीन फूट सहज.

पद्धत अशी: लाइफ जॅकेट आधी घालून सगळे पट्टे लावायचे, नुसतं गळ्यात अडकवायचं नाही. दोन्ही हात मोकळे. मोबाइल सॅकमध्ये, हातात मोबाइल धरून व्हिडिओ काढत उतरणारे महाभाग मी बघितलेत. होडी लाटेवर सगळ्यात वर आली की क्षणभर थांबल्यासारखी होती, तेव्हा पाय टाकायचा. खाली जात असताना टाकला तर तुम्ही हवेतच. खलाशी "आता" म्हणाला की लगेच, त्याच्या आधी नाही आणि विचार करून पण नाही. त्यानं हात पुढं केला की बोटं नाही धरायची, मनगटाला मनगट पकडायचं. आणि होडी आणि जहाज यांच्या फटीत हात किंवा पाय कधीच ठेवायचा नाही, तोल सांभाळायला जहाजाच्या बाजूला हात लावायचा मोह होतो, तिथंच बोटं चिरडतात. आत गेलं की लगेच खाली बसा, मागच्याला जागा द्या. आत्या ६७ वर्षांची, ती उतरली, त्यामुळं आईला झेपेल काय या प्रश्नाचं उत्तर, गुडघे चालत असतील तर झेपतंय. गुडघ्याचं ऑपरेशन ताजं असेल तर मी नेणार नाही.

रांगेत पुढं राहा. पहिल्या होडीतनं गेला तर बेटावर पाऊण-एक तास जास्त मिळतो. नाष्ट्याला पहिल्यांदा बसा म्हणजे ते आपोआप जमतंय.

सकाळी आधी दीपगृह

उतरल्यावर शहाळं देतात, मग गाडीत बसवून बेटाच्या दक्षिण अंगाला घेऊन जातात. बेट लांबीला साधारण १० किलोमीटर आणि रुंदीला अगदीच चिंचोळं, कोयत्यासारखं वाकडं, आणि त्या कोयत्याच्या पोटात लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतलं शांत उथळ पाणी. गाइड आधी बीचवर नेत असेल तर सगळ्यांनी मिळून विनंती करा की आधी दीपगृह. कारण सांगतो. लगून पश्चिमेच्या बाजूला आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागं असतो, त्यामुळं वरनं बघितलं की पाण्याचे सगळे रंग सुटे सुटे दिसतात, काठाला दुधी, मग पोपटी, मग मोरपंखी, आणि कड्याच्या बाहेर एकदम शाईसारखं काळंनिळं. दुपारनंतर तेच पाणी समोरच्या उन्हानं चमकतं आणि फोटो पांढरे येतात. शिवाय वर चढताना आत उकडतं, सकाळी ते सुसह्य असतं.

हे दीपगृह इंग्रजांनी १८८५ ला बांधलं. सुएझ कालवा १८६९ ला उघडला आणि या वाटेनं जहाजांची वर्दळ वाढली, आणि मिनिकॉय समुद्रसपाटीपासनं दोन-तीन मीटरपण उंच नाही, रात्री जहाज कधी प्रवाळावर चढेल कळायचं नाही. म्हणून दीडशे फुटांच्या वर उंच मनोरा. जिना गोल, वरचा भाग अरुंद. पन्हाळ्याच्या चढाची सवय असणाऱ्यांना काही वाटत नाही, पण खाली येताना चक्कर येती, कठड्याला धरून हळू या, आणि वर एका वेळी थोडेच लोक मावतात म्हणून घाई करू नका. ज्यांना चढायचं नाही त्यांनी खालीच सावलीला बसावं. दक्षिणेला विरिंगिली नावाचं चिमुकलं निर्मनुष्य बेट आहे, पूर्वी रोग्यांना तिथं नेऊन ठेवायचे म्हणे, ते पण विचारून बघून घ्या.

वरनं एक गोष्ट नीट बघून ठेवा, लगूनमध्ये गडद डाग कुठं आहेत ते. ते प्रवाळ. दुपारी पोहताना कुठं जायचं आणि कुठं पाय टेकायचा नाही हे इथंच कळतं.

मग गाव

मिनिकॉयमध्ये दहा-अकरा गावं आहेत, गावं म्हणजे आपल्या पेठा म्हणा ना, शिवाजी पेठ, मंगळवार पेठ तसं, एकाला लागून एक. प्रत्येक गावाचं एक सामाईक घर असतं आणि गावाचा एक प्रमुख, त्याला बोडूकाका म्हणतात. बायकांची वेगळी प्रमुख, बोडूताता. बोडू म्हणजे मोठा. आपल्या पेठेत मोठे काका असतातच की, तालमीच्या कट्ट्यावर बसलेले, सगळ्यांची भांडणं मिटवणारे, त्यामुळं आम्हाला नाव लगेच पटलं.

पर्यटकांना अशा एखाद्या गावघरात नेतात, काही खायला देतात, कधी लावा नाच दाखवतात. तो लावा, आपली लावणी नव्हे, पुरुष करतात आणि ढोल असतात. इथं तासभर तरी काढा, आणि फोटोपेक्षा बोलण्यात काढा. हिंदी बऱ्याच जणांना येतं, कारण इथले पुरुष मोठ्या संख्येनं व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जग फिरतात आणि घर-गाव बायका चालवतात. लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. हे ऐकून आत्या जी खूश झाली म्हणता, तिनं आमच्याकडं वळून सांगितलं, बघा, ह्याला म्हणतात सुधारलेलं गाव.

भाषेची गंमत इथंच कळती. महल आणि दिवेही या आपल्या मराठीच्याच मोठ्या कुळातल्या, सिंहलीच्या जवळच्या. चारी बाजूला समुद्र, जवळची बेटं मल्याळम बोलणारी, आणि इथं माशाला म्हणतात मस. आपला मासा. दिवेहीत तीनला थिनेह आणि नऊला नुवाएह. आत्यानं एका बाईबरोबर बोटं मोजत दहापर्यंत आकडे जुळवले, निम्मे जुळले, निम्म्यांवर दोघी हसल्या, आणि तेवढ्यात भडंगाचा पुडा फुटला. तिखट लागलं, तरी पोरांनी मागून मागून खाल्लं. कुणाच्या घरी जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये हे तिथंपण चालतं. लिपी मात्र आपल्या डोक्यावरनं जाणारी, थाना म्हणतात तिला, उजवीकडनं डावीकडं लिहितात, आणि तिची बरीच अक्षरं मुळात आकड्यांपासनं तयार झालीत. तुमचं नाव लिहून मागा, पोरं हौसेनं देतात.

वागायचं कसं ते थोडक्यात. सगळी वस्ती मुसलमान, वातावरण सोवळं. गावात खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, बायका-पुरुष दोघांचे, पोहण्याचे कपडे फक्त बीचवर. बायकांचे आणि पोरांचे फोटो विचारल्याशिवाय नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला सगळं बंद. रमजानमध्ये गेला तर दिवसा उघड्यावर खात फिरू नका. आणि कुत्री शोधू नका, लक्षद्वीपमध्ये कुत्रीच नाहीत. रात्री गाडीमागं कुत्री लागायची सवय असलेल्या कोल्हापूरकराला हे ऐकून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

जेवण

भात, चपाती, डाळ, भाजी, आणि टूनाची आमटी किंवा तळलेले तुकडे. टूना म्हणजे आपल्या कोकणात कुपा म्हणतात तो. तांबडा-पांढरा विसरा, नारळाचं जेवण आहे, चव सौम्य, मला दोन घास कमी तिखट वाटलं आणि मग आवडायला लागलं. ज्याला जमणारच नाही त्यानं कांदा-लसूण चटणीची छोटी डबी ठेवावी, मी ठेवलीती, पण काढली नाही, समोर बसून वाढणाऱ्या माणसाला वाईट वाटतंय.

हा मासा पकडायची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. जाळं टाकत नाहीत. आधी लगूनमधनं बारके जिवंत मासे पकडून होडीत पाण्यात ठेवतात, मग बाहेर समुद्रात टूनाचा थवा दिसला की ते बारके मासे फेकायचे आणि वरनं पाण्याचे फवारे मारायचे. टूना चवताळून वर येतो आणि मग होडीच्या मागच्या बाजूला ओळीनं उभे असलेले लोक काठीला लावलेल्या गळानं एकेक मासा उचलून मागं टाकतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळं मासा आपोआप सुटून पडतो. एका गळाला एक मासा, नको ते कासव-बिसव अडकत नाही. टूना डबाबंद करायचा कारखाना पण बेटावर आहे, चालू असला आणि परवानगी मिळाली तर बघा, नाही मिळाली तर रुसू नका.

पाण्यात, पण दोननंतर

जेवल्यावर अर्धा-पाऊण तास नारळाखाली आडवं व्हा. बारा ते दोन पाण्यात उतरू नका. मी कवरत्तीला तेच केलं, गार पाण्यात पाठीला ऊन लागलेलं कळतच नाही, रात्री बंकवर पालथा झोपलो आणि पुढं चार दिवस शर्ट घालताना आई आठवत होती. म्हणून तो पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. क्रीम धुऊन जातंय, टी-शर्ट जात नाही.

आपण पंचगंगेत पोहणारे लोक, आपल्याला वाटतं पोहता येतंय म्हणजे झालं. समुद्राचं गणित वेगळं आहे. भरती-ओहोटी असते, ओहोटीला लगून इतकं उथळ होतं की प्रवाळ पोटाला घासतंय, आणि कड्याला जिथं फट असती तिथनं पाणी जोरात बाहेर ओढतं. म्हणून उतरायच्या आधी तिथल्या माणसाला दोनच प्रश्न विचारायचे: आत्ता भरती लागली आहे का ओहोटी, आणि कुठपर्यंत जायचं नाही? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी. पोहता येत असलं तरी जॅकेट घाला, आणि स्नॉर्केलचा, म्हणजे पाण्याखाली बघायचा, नळीनं तोंडातनं श्वास घ्यायचा चष्मा आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लावून बघा. तोंडानं श्वास घ्यायची सवय व्हायला दहा मिनिटं लागतात, ती दहा मिनिटं खोल पाण्यात घालवू नका. चष्मा धुरकटला तर आत थुंकी चोळून धुवायचा, किळस वाटली तरी हाच उपाय.

प्रवाळावर उभं राहू नका. एक तर ते जिवंत असतंय, पाय पडला की मरतंय, १९९८, २०१० आणि २०१६ ला समुद्र तापून इथलं प्रवाळ पांढरं पडून आधीच खूप मेलंय. आणि दुसरं म्हणजे कापलं तर जखम लवकर भरत नाही. कापलंच तर गोड्या पाण्यानं आणि साबणानं खसखसून धुवा, आतला बारीक कण निघाला पाहिजे. सुंदर दिसणारं काहीही हातात घ्यायचं नाही, विशेषतः शंकूसारखे नक्षीदार जिवंत शंख आणि पिसं फुलवलेले मासे, विषारी असतात. मेलेलं प्रवाळ, काठावर पडलेला तुकडा, तोही आणायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाच्याच यादीत ठेवलंय. देव्हाऱ्यात ठेवायला घेतला होता ओ, हे कारण तपासणीत चालत नाही.

बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं अंघोळ करताना नळ सोडून ठेवू नका. बेटावर नदी नाही, ओढा नाही, वाळूखाली खाऱ्या पाण्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो तेवढाच. २०११ ला इथं समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प बसवला, दिवसाला एक लाख लिटरचा. आता हिशोब करा, बेटावर १० हजारांच्या वर माणसं, म्हणजे माणशी १० लिटरपण नाही. आपण सकाळी अंगण धुवायला त्याच्या पाचपट घालवतोय. आपल्याकडचा २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या माणसाला तिथली विहीर बघून कसंतरीच होतंय.

काय आणायचं आणि परत कसं यायचं

मस आणा. म्हणजे सुकवलेला टूना. खाऱ्या पाण्यात उकडून, धूर देऊन, उन्हात वाळवतात, लाकडासारखा कडक होतो आणि महिनोन्महिने टिकतो. घरी जवळ्याची चटणी करतो तशीच करायची, खलबत्त्यात कुटून, ओलं खोबरं, कांदा, हिरवी मिरची, वर लिंबू. भाकरीबरोबर नाद खुळा. टूनाचं लोणचं आणि नारळ-गुळाचा हलवा पण चांगला. खरेदी दुपारी पाण्यात जायच्या आधी उरका, शेवटी सगळेच दुकानात घुसतात.

परतीची होडी किती वाजता सुटणार ते सकाळी उतरतानाच विचारा आणि मोबाइलमध्ये त्याच्या एक तास आधीचा गजर लावा. आम्हाला चारची वेळ होती. साडेतीनला कपडे बदलून, ओलं सगळं प्लास्टिकमध्ये, कचरा पण सॅकमध्ये भरून जहाजावर परत, बेटावर टाकायला जागा नाही. शेवटच्या होडीची वाट बघू नका, दुपारनंतर वारा वाढला की लाट वाढते, आणि आता तुम्हाला खालनं वर चढायचं असतं, ओले हात आणि दमलेले पाय घेऊन. रीत तीच, होडी सगळ्यात वर आली की पाय टाकायचा. चढल्यावर नाव सांगून हजेरी द्या. आमच्यातला एक जण न सांगता केबिनमध्ये जाऊन झोपला आणि त्याच्यासाठी होडी परत बेटावर गेलीती.

मस पॅक करताना मात्र तीन प्लास्टिकच्या पिशव्या, मध्ये वर्तमानपत्र, आणि मग झाकणाचा डबा. मी एकाच पिशवीत गुंडाळलंता. परतीच्या गाडीत मंगळूर येईस्तोवर समोरच्या बाकावरच्या काकूंनी तीनदा विचारलं, कसला वास येतोय ओ, आणि तिन्ही वेळेला आत्यानं खिडकीबाहेर बोट दाखवून सांगितलं, समुद्र जवळ आहे ना.